मढ्याचं पोट

४ फेब्रुवारी

वाजलं! सगळ्यांसमोर वाजलं!

तालमीच्या खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. बाईंचं डोकं माझ्या पोटावर. मी मेलेला. आणि आतून असा आवाज, जणू कुणी रिकामं पिंप जिन्यावरून सोडून दिलं! शेवटी एक छोटंसं "टुक्". ते तर अगदी स्पष्ट.

धाकटा – म्हणजे नाटकातला माझा धाकटा मुलगा – हसता हसता खुर्चीवरून घसरला. थोरल्याने तोंडात रुमाल कोंबला. दिवे लावणारी शिडीवर होती, तिला खाली उतरवावं लागलं. फक्त बाई हसल्या नाहीत. डोकंसुद्धा उचललं नाही. याला म्हणतात कलावंत! दिग्दर्शकही हसला नाही, पण त्याचं कारण वेगळं. म्हणाला, "काका, जेवून येत चला."

काका!

याच बाईंसमोर मी नायक होतो. लोक माझ्यासाठी दोन-दोनदा तिकीट काढायचे. आता पन्नाशी कधीच उलटली, आणि पदरात पडलं काय, तर मढं. अख्खा पहिला अंक खाटेवर आडवं पडायचं. संवाद नाही. दुसऱ्या अंकात तेवढंही नाही, तोवर मला उचलून नेलेलं असतं. हिने विचारलं होतं, "काय भूमिका आहे?" मी म्हटलं, "मध्यवर्ती." खोटं नाही. खाट बरोब्बर मध्यावर आहे.

नाटक चांगलं आहे, हे मात्र कबूल. बाप सकाळी गेलाय. मुलगी लांबून यायचीय, तिची वाट बघतायत. तोवर दोन मुलगे भांडतात – आईला आता कुणी सांभाळायचं? आई, म्हणजे बाई, अंकभर एक अक्षर बोलत नाही. शेवटी मुलगे दमतात. ती उठते, खाटेशी जमिनीवर बसते आणि नवऱ्याच्या पोटावर डोकं टेकते. शांतता. लांब, खूप लांब शांतता. मग दोनच शब्द: "उठा ना." पडदा.

दिग्दर्शक म्हणतो, सगळा अंक त्या शांततेसाठी आहे. आणि ती शांतता आज माझ्या पोटाने खाल्ली.


५ फेब्रुवारी

जेवून गेलो. दाबून. तरी वाजलं. आज आवाज वेगळा, ओलसर. गटारात बेडूक पडल्यासारखा.


७ फेब्रुवारी

उलट करून पाहिलं. आत काही नसेल तर वाजेल कशाने? सकाळपासून कडकडीत उपास. नुसता सोडा प्यायलो, ढेकर आले की पोट साफ असं आपलं मला वाटतं. शिवाय घसा ओला राहावा म्हणून त्या बिनसाखरेच्या पुदिन्याच्या गोळ्या. आख्खी पुडी संपवली.

चार वेळा वाजलं. चार! एकदा तर थोरल्याच्या वाक्याला हुंकार दिल्यासारखं. तो म्हणतो, "बाबांना काय वाटलं असतं?" आणि बाबा म्हणतात, "घुर्र."

दिग्दर्शकाने वही मिटली. तालीम बंद.

जाताना बाई म्हणाल्या, "काय हिरो, उपाशी आहेस का?" त्या मला अजून हिरोच म्हणतात. त्यांच्या तोंडून टोचत नाही. त्यांचे यजमान जाऊन वर्ष व्हायचंय अजून. भूगोलाचे सर. मोठा दिलदार माणूस. बाई पंधरवड्यातच कामाला लागल्या. मला कधी धीर झाला नाही विचारायचा – कशा आहात? माणूस रोज हसून बोलतोय तर कशाला खपली काढा?


१२ फेब्रुवारी

पहिला प्रयोग शनिवारी. झोप नाही. कूस बदलली की वाजतं. सरळ झालो की वाजतं. ही म्हणाली, "शेजारी कुणी ट्रक सुरू करतंय वाटतं." मग अंधारात हसत राहिली. हसा! कुणाचं जातंय आणि कुणाचं वाजतंय!


१५ फेब्रुवारी, शनिवार

पाच वाजता थिएटरवर. तालमीत कधी वाजलं नाही तितकं पोट आत्ताच विंगेत वाजतंय. तोंडात गोळी. एवढंच लिहितो, तिसरी घंटा होईल.


१६ फेब्रुवारी

लिहवत नाही.


१७ फेब्रुवारी

लिहायलाच हवं, नाहीतर डोक्यातून जाणार नाही.

अंक रंगला होता. मला डोळे मिटूनही कळतं, प्रेक्षक पुढे सरकून बसतात तेव्हा खुर्च्या कुरकुरतात. त्या कुरकुरल्या. मुलगे भांडून दमले. बाई उठल्या. त्यांच्या पावलांचा आवाज, बांगडीचा आवाज, मग पोटावर त्यांच्या डोक्याचं ओझं. थिएटर श्वास धरून. आणि तेव्हाच –

नुसतं वाजलं नाही. बोललं! लांबलचक, चढत गेलेलं, शेवटी प्रश्नचिन्ह असल्यासारखं.

पहिल्या रांगेतून एक जाडा आवाज: "अहो, जिवंत आहे की!"

झालं. थिएटर फुटलं. लोक पोट धरधरून हसले आणि मी माझं पोट धरूही शकत नव्हतो, मढं होतो ना! बाईंचं "उठा ना" त्या गदारोळात आलं. त्यावर तर आणखीच हशा. पडदा पाडला. मी खाटेवर तसाच पडून राहिलो. खरंच मेलो असतो तर बरं, असं वाटलं.

बाई मात्र शांत. उठताना माझ्या हातावर थोपटलं. "होतं रे," म्हणाल्या.

आज दिग्दर्शकाने बोलावलं. तिशी नुकतीच ओलांडलेला माणूस, वाईट नाही, पण बोलतो ते बर्फासारखं. "काका, मी एक पुतळा बघून ठेवलाय. कपड्यांच्या दुकानात काचेत असतो ना, तसा. चेहऱ्यावर चादर ओढली की काम भागेल."

मी म्हटलं, "पुतळा? माझ्या जागी?"

"पुतळ्याला पोट नसतं, काका. दोन आठवडे बघू. नाही जमलं तर मग…"

पुढचं बोलला नाही. तेवढा शिष्टाचार आहे त्याला.

आजवर माझी कामं तरुण पोरांनी घेतली, गाणाऱ्यांनी घेतली, कुणाच्या तरी जावयाने घेतली. पुतळ्याने कधी घेतलं नव्हतं. लोकांच्या पोटावर दुसरे पाय आणतात. माझ्या पोटानेच माझ्या पोटावर पाय आणला!


१८ फेब्रुवारी

हिने हाताला धरून खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी लाजत होतो. काय सांगायचं? मढ्याचं काम करतो आणि पोट वाजतं?

तेच सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. हसून हसून पाणी आलं होतं. मग एकदम कामाला लागल्या. दुखतं का? उलट्या? वजन उतरलंय? रक्त पडतं? जुलाब? नाही, नाही, नाही. पोट दाबून पाहिलं, नळी लावून ऐकलं.

"आजार नाही," म्हणाल्या. "यंत्र चालू आहे एवढंच. सगळ्यांचंच वाजतं. माझं नाही का वाजत? फक्त माझ्या पोटावर कुणी दिवे टाकत नाही."

मी म्हटलं, "पण वाजतं का?"

त्यांनी सांगितलं ते असं – पोट आणि आतडी म्हणजे एक लांब, मऊ नळी. तिच्या भिंती आवळतात, सैल होतात, पुन्हा आवळतात, आतलं पुढे ढकलत राहतात. आत नुसतं अन्न नसतं, पाणी असतं, हवा असते. "आपल्या इमारतीत पाणी जाऊन परत येतं तेव्हा नळ कसा घुडघुडतो? हवा आणि पाणी एकत्र ढकललं की तोच आवाज." पोटात अन्न असलं तर ते आवाज दाबतं. रिकामं असलं की घुमतो, सामान काढलेल्या खोलीत बोलल्यासारखा. आणि खाऊन बराच वेळ झाला की पोट आतून झाडू मारायला घेतं, उरलंसुरलं पुढे लोटतं. दर दीड-दोन तासांनी एक फेरी. सगळ्यात मोठा गोंगाट तेव्हा.

म्हणजे मी उपास करून गेलो तेव्हा माझ्या पोटात साफसफाई चालू होती!

सोड्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "हवा पिऊन वर विचारता हवा कुठून आली?" गोळ्यांचं सांगितलं तेव्हा दुसरा हात लावला. त्या बिनसाखरेच्या गोळ्यांतला गोडवा म्हणे पोटात धड पचत नाही, खाली जाऊन आंबतो, वायू होतो. चघळताना हवा गिळली जाते ती वेगळीच. घाबरलं की माणूस आणखी गिळतो. घाबरलं की आतडीही बिथरतात. मी गोळी चघळत, घाबरत, सोडा पीत, उपाशी. एकही चूक सोडली नव्हती.

उपाय: प्रयोगाच्या दोनेक तास आधी थोडंच, मऊ, सवयीचं खायचं. सावकाश, तोंड मिटून, गप्पा न मारता. मग थोडं चालायचं. सोडा बंद, गोळ्या बंद, त्या दिवशी दूध आणि कोबीला रजा. विंगेत दोन घोट पाणी, गटागटा नाही. आणि आडवं पडलं की पोटाने लांब, संथ श्वास.

"आणि एक," दारापर्यंत येऊन म्हणाल्या, "कायमचं बंद नाही व्हायचं. होऊ पण नये."


२० फेब्रुवारी

घरात तालीम. मी दिवाणावर मढं, ही पोटावर कान लावून.

"आता?"

"बारीक. भिंतीपलीकडे कुणी कपाट सरकवतंय असं."

"आता?"

"गप्प." मग म्हणाली, "एवढ्या संसारात पहिल्यांदाच तुमच्या पोटात काय चाललंय ते ऐकायला मिळतंय. एरवी सगळं पोटातच ठेवता."

मढ्याला संवाद नाही.


२२ फेब्रुवारी, शनिवार

साडेचारला मऊ भात आणि उकडलेला बटाटा. घास मोजत नाही, पण चावतोय असा की ही म्हणाली, "रवंथ करताय का?" मग थिएटरभोवती फेऱ्या.

रंगपटात शिरलो आणि दचकलो. माझ्या खुर्चीत मीच बसलेलो! पुतळा आला होता. माझा सदरा घालून. केस माझ्याहून दाट. नाक सरळ. धाकटा त्याला "बाबा, चहा घेणार?" विचारत होता.

प्रयोगात एकदाच वाजलं, अगदी हलकं. प्रेक्षकांपर्यंत पोचलं नाही. बाईंना ऐकू गेलं असणार, कान तिथेच होता. त्यांचं डोकं आणखी जड झालं, सैलावलं. "उठा ना" इतकं छान आलं की मला उठावंसं वाटलं.

दिग्दर्शक म्हणाला, "चाललं. पण पूर्ण शांत हवं."


२३ फेब्रुवारी

कालसारखंच. एक छोटी कुरकुर. पुतळा अजून खुर्चीत. मी उभ्याने रंग पुसतो.


२७ फेब्रुवारी

आठवडाभर नेमाने चाललंय. वेळेवर खाणं, तोंड मिटून चावणं, जेवल्यावर चालणं. तालमीत दोन्ही दिवस बाई नव्हत्या, त्यांच्या जागी धाकट्याने डोकं टेकलं, आवाज नाही. इतका पोटाचा विचार मी पोटापाण्याच्या काळजीतसुद्धा केला नव्हता.

छातीत मात्र सारखी धाकधूक. पाय एका जागी ठरत नाही. ही म्हणते, "आता गप्प झालंय ना, मग का येरझारा?" माहीत नाही. पोटातली वळवळ वर सरकली बहुतेक.


१ मार्च, शनिवार

जिंकलो, की काय झालं? कळत नाही. घडलं तसं लिहितो.

बाईंनी डोकं टेकलं. मी संथ श्वास घेत होतो. आत काही नाही. हालचाल नाही, कुरकुर नाही. मनात म्हटलं, बघ रे पुतळ्या!

मग जाणवलं, बाईंचा श्वास थांबलाय. त्यांचा कान सरकला. जरासा वर. मग जरासा डावीकडे. काहीतरी शोधत असल्यासारखा. चादरीखालून त्यांचा हात आला आणि माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की नखं रुतली. आणि मग माझं नाव घेतलं त्यांनी. नाटकातलं नाही, खरं. कुजबुजत. एकदा, दोनदा. मी काय करणार? मढं उत्तर देतं का? मी गप्प राहिलो.

त्यानंतर जो आवाज त्यांच्यातून निघाला तो मी आजवर कुठल्याही रंगमंचावर ऐकलेला नाही. "उठा ना" आलंच नाही. नुसतं "नाही, नाही, नाही…" पडदा पडला. बाहेर लोक उभे राहिलेत, टाळ्या थांबत नाहीत.

अंधारात मी म्हटलं, "बाई, मी आहे हो. मी आहे."

त्यांनी माझ्या छातीवर एक चापट मारली. जोरात. आणि आत पळाल्या. बेसिनवर वाकून ओकत होत्या.

दिग्दर्शक नाचत होता. "हे! हेच पाहिजे होतं! काका, तुमची शांतता आणि बाईंचा आक्रोश! रोज हेच ठेवायचं!"


२ मार्च

प्रयोगाआधी बाईंनी विचारलं, "काय हिरो, पोट बरं झालं वाटतं?"

मी छाती फुगवून, "एकदम बंद, बाई!"

"बरं झालं," म्हणाल्या. चेहरा पांढरा होता. मला वाटलं, पावडर.

आजही शांत. त्या अंगभर थरथरत होत्या, खाट हलत होती. "उठा ना" म्हणाल्या, पण आवाज दुसऱ्याच कुणाचा. शेवटी सगळे नमस्काराला उभे राहिलो तेव्हा बाई आल्याच नाहीत.

पुतळा खुर्चीतून उठवून कोपऱ्यात ठेवलाय, तोंड झाकून. मला खुर्ची परत मिळाली. बसवेना.


३ मार्च

बाईंकडे गेलो. इतक्या वर्षांत सरांशिवाय त्या घरी पहिल्यांदाच.

दार उघडंच होतं. खोली नेहमीची, नकाशांनी भरलेली. फक्त सोफा भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. कुणाला बसताच येऊ नये असा. मी त्याच्याकडे बघतोय हे त्यांनी पाहिलं.

"बस खुर्चीवर," म्हणाल्या. मग स्वतःहूनच बोलायला लागल्या.

"दुपार होती रे. जेवणं झाली. हे सोफ्यावर आडवे झाले, मी खाली बसून पोटावर डोकं ठेवलं. रोजचंच होतं आमचं. यांचं पोट म्हणजे भूगोलाचा तास, धबधबे काय, भूकंप काय! मी ऐकून सांगायची, आता बटाटा वळणावर आला, आता भात घाट उतरला. हे डोळे मिटून हसायचे, डोकं नुसतं वरखाली व्हायचं माझं. त्या दिवशी काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं, आज शांत आहे, झोप लागली असेल. मी तशीच पडून राहिले. बोलत राहिले. बहिणीच्या घरी कधी जायचं, गॅस संपत आलाय, काय काय… किती वेळ बोलत होते, देव जाणे."

मी भिंतीवरच्या नकाशाकडे बघत विचारलं:

"मग हे नाटक घेतलंत कशाला, बाई?"

"नाहीच म्हणणार होते. त्या दिवशी तालमीला तेच सांगायला आले होते. म्हटलं, एकदा करून बघू आणि उठू. डोकं ठेवलं, डोळे मिटले, सगळं तसंच… आणि तुझं पोट वाजलं!" त्या हसल्या. खरंखुरं हसल्या. "सगळे हसले. मी मात्र सुटले रे. कळलं, हा आपला हिरो आहे, उपाशी आहे, जिवंत आहे. हे नाटक आहे. मग रडायला भीती वाटेना."

"मला सांगायचंत! मी डॉक्टरकडे गेलो, औषधासारखं जेवलो…"

"का सांगू? तुझं काम जात होतं. तू केलंस ते बरोबरच." त्यांनी पदर नीट केला. "मी दिग्दर्शकाला सांगितलंय, येत्या शनिवारचा प्रयोग करते, मग दुसरी बघा. तब्येतीचं कारण दिलंय. आणि तू त्याला यातलं एक अक्षर सांगायचं नाहीस. तो म्हणेल, बाई, हेच वापरा. माझा माणूस वापरायचा नाहीये मला."




४ मार्च

काही सुचत नाही. चालतोय. बाजारापर्यंत, परत. पुन्हा बाजारापर्यंत.


५ मार्च

दिग्दर्शकाने खांद्यावर हात टाकला. "काका, पुढच्या नाटकात बापाचं काम आहे. जिवंत बाप! दोन्ही अंकांत. तुमच्या डोक्यात असू द्या. फक्त ही शांतता टिकवा. बाई थकल्यात, त्यांच्या जागी कुणीतरी मिळेलच."

कुणीतरी मिळेलच! बाईंच्या जागी!

जिवंत बाप. दोन अंक. संवाद. एकेकाळी यासाठी मी मुंडी कापून दिली असती. घरी येऊन हिला सांगितलं – दोन्ही गोष्टी सांगितल्या, बापाचं काम आणि बाईंचा सोफा. ही चष्म्याच्या दुकानात असते, दिवसभर लोकांना "हे स्पष्ट दिसतंय, की हे?" विचारते. मलाही तसंच विचारलं.

"वाजलं नाही तर काय होईल?"

"मला काम. बाई जाणार."

"आणि वाजलं तर?"

"हसतील. पुतळा येईल. मी जाणार. आणि पुतळ्यावर डोकं ठेवायला बाई थोड्याच थांबतील?"

"म्हणजे बाई कशाही जाणार. मग शेवटच्या दिवशी त्यांनी कशावर डोकं ठेवावं असं तुम्हाला वाटतं?"

मी ताट सरकवलं.


६ मार्च

डॉक्टरीणबाईंकडे पुन्हा. "वाजवायचंय," म्हटलं. "पण बारीक. कान लावलेल्या माणसालाच ऐकू जाईल इतपत."

त्यांना वाटलं, थट्टा. मग माझं तोंड बघून हसू आवरलं. कुणासाठी ते मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही.

"ती काय बाजाची पेटी आहे, हळू-मोठं करायला? उपाशी राहिलात तर वाजेल. केव्हा आणि किती, ते ना तुमच्या हातात, ना माझ्या. मोठं वाजलं तर?"

तोच तर प्रश्न आहे.


७ मार्च

दिवसभर तेच डोक्यात. एकदा वाटतं, मी कोण हे ठरवणारा? बाई म्हणाल्याच की, तू केलंस ते बरोबर. एकदा वाटतं, त्यांनी मनगट धरून नाव घेतलं तेव्हा मी गप्प राहिलो. कारण शांतता हवी होती. कुणाला? दिग्दर्शकाला. मला. टाळ्यांना.

सदरा इस्त्री करायला घेतला आणि तसाच ठेवला. मढ्याच्या सदऱ्याला कसली इस्त्री!


८ मार्च, शनिवार

सकाळी पाव खाल्ला. तेवढाच. ही साडेचारला भाताचं पातेलं घेऊन समोर बसली. माझ्याकडे बघितलं आणि झाकण ठेवलं.

निघतो.


९ मार्च

वाजलं. हलकं नाही – शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असं. पुढे कुणीतरी हसायला श्वास घेतला, तो मी ऐकला. विंगेत दिग्दर्शकाची शिवी ऐकली. बाईंनी डोकं उचललं नाही. माझ्या पोटावर हात ठेवला, अगदी घरातल्यासारखा, आणि संहितेत नसलेलं, मुलांकडे न बघताच म्हणाल्या:

"हळू बोला रे. यांना भूक लागलीय."

कुणी हसलं नाही.